वकीलपत्रावर सही करण्याआधी

फोर्टात एका वकिलांकडे माझी सगळी नोकरी कारकुनीत गेली. आता घरी असतो, पण लालबागच्या आमच्या चाळीत भाड्याचा किंवा वाटणीचा वाद निघाला की लोक येतात, "अण्णा, अमका वकील कसा?" मी उलट विचारतो, तो रोज कुठल्या कोर्टात उभा राहतो?

मुंबईत दिवाणी काम एका छपराखाली नाही. पागडीच्या (एकरकमी पैसे देऊन भाड्याने घेतलेल्या) खोलीचा, भाडेकरूला काढण्याचा दावा धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात. वाटणी, पैसे, मनाई हुकूम शहर दिवाणी न्यायालयात, तेही दहा कोटींपर्यंत (२०२४ च्या आधी ही मर्यादा एक कोटी होती). त्यावरचं हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला, म्हणजे जिथे दावे थेट दाखल होतात तिथे. सोसायटीशी भांडण बहुतेकदा सहकार न्यायालयात. हायकोर्टात नाव असलेला माणूस रेंट ॲक्टमध्ये, म्हणजे भाडे कायद्यात, चाचपडताना मी पाहिलाय.

मग सनद, म्हणजे वकिलीचा परवाना. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचा नंबर मागायला लाजू नका. त्याच्या शेवटी सनदेचं वर्ष असतं. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर 'केस स्टेटस'मध्ये वकिलाच्या नावाने शोधता येतं. आडनाव पाटील असेल तर नंबरानेच शोधा, नाहीतर निम्मी मुंबई समोर येईल. किती दावे जिंकले हे मोजत बसू नका. चांगला वकीलही हरतो, आणि कित्येक दावे तडजोडीत मिटतात. तुमच्यासारखे दावे त्याच्याकडे आहेत का, ते पुराव्यापर्यंत पोचलेत का, आणि तारखा कोण मागून घेतंय, हे रोजनाम्यात (कोर्टाच्या तारीखवार नोंदीत) बघा.

तोंडावर एक विचारा: "उलटतपास तुम्ही स्वतः घेता, की कौन्सेल (कोर्टात बाजू मांडणारा दुसरा वकील) लावता?" कौन्सेल लावण्यात गैर काही नाही. ओरिजिनल साइडला सॉलिसिटरने कागद तयार करायचे आणि कौन्सेलने उभं राहायचं, ही इथली जुनी रीत. फक्त फी दोन ठिकाणी जाते, ती आधी कळलेली बरी.

"जिंकलो तर मिळकतीत टक्का द्या" म्हणणाऱ्याकडून सरळ उठून या. बार कौन्सिलच्या नियमांत ते बसत नाही.

पहिल्या भेटीला मूळ कागद नेऊ नका, झेरॉक्स न्या. आणि तो काय विचारतो ते ऐका. पागडीच्या कामातला जाणकार आधी विचारील, भाडेपावती कोणाच्या नावावर आहे, आणि मूळ भाडेकरू वारला तेव्हा खोलीत त्याच्यासोबत कोण राहत होतं.