"सरकारने शिक्षणावर पैसा का घालवायचा?" या वादात उतरायच्या आधी एवढं करा

कॉलेजची वादविवाद स्पर्धा असो नाहीतर फॅमिली ग्रुपवरची बाचाबाची, हा विषय निघाला की "आमच्या टॅक्सवर फुकटे शिकतात" आणि "शिक्षण हा हक्क आहे" या दोन वाक्यांपुढे गाडी जातच नाही. तुम्ही आधी तीन गोष्टी विचारा, पैसा आला कोणाकडून, गेला कोणाला आणि वाटायला बसलं होतं कोण.

उदाहरण द्यायला उगाच फिनलंडला जाऊ नका, पुण्याचंच द्या. पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटायचे, म्हणजे सरकारी ग्रँटच ती. पेशवाई गेल्यावरही इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने ती एकदम बंद केली नाही, उलट त्यातल्याच पैशातून 1821 ला विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, मग 1849 ला लोकहितवादी वगैरे मंडळींनी अर्ज केला की हा पैसा मराठी पुस्तकांसाठी वापरा, आणि पुढे पुस्तकांना बक्षिसं देणारी दक्षिणा प्राइज कमिटी आली. 1855 ला जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' नाटक याच कमिटीकडे दिलं तर तिने ते नाकारलं! समोरचा "सरकारी पैसा म्हणजे ठरावीक लोकांची मक्तेदारी" म्हणाला तर हे त्याच्याआधी तुम्हीच सांगून टाका. कारण तेच फुले 1882 ला हंटर कमिशनपुढे (इंग्रज सरकारचा शिक्षण आयोग) पैसा बंद करा असं म्हणाले नाहीत, ते म्हणाले की महसूल रयतेच्या घामाचा आहे आणि फायदा वरच्या वर्गांना होतोय, तर प्राथमिक शाळांवर जास्त खर्च करा आणि साधारण बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा. माझ्या मते या वादातला सगळ्यात दमदार मुद्दा हाच.

आकडे जपून वापरा. शिक्षणावर जीडीपीच्या 6 टक्के खर्च करा हा कोठारी आयोगाचा (1964-66 चा राष्ट्रीय शिक्षण आयोग) आकडा केंद्र आणि राज्य मिळून आहे, 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही तसंच म्हटलंय, पण लोक नुसतं केंद्राचं बजेट पुढे करून बोंब मारतात. शाळांवरचा मोठा खर्च राज्यं करतात, तेव्हा राज्याचं बजेटही उघडून बघा.

शेवटी कोणीतरी म्हणणारच, "संशोधन खाजगीवाले करतील की." त्याला मुंबईच्या टीआयएफआरचं, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं, उदाहरण सांगा. 1945 ला टाटा ट्रस्टच्या पैशाने सुरू झाली हे खरंच आहे, ते मान्य करा, आणि मग विचारा की आज तिचा खर्च कोण चालवतं. केंद्र सरकारचा अणुऊर्जा विभाग.