परदेशात हिवाळ्यात मित्राच्या घरी राहायचंय? निघण्याआधीची तयारी

बॅग काढण्याआधी मित्राला फोन करा आणि तारखा त्याच्या घरच्यांना विचारूनच पक्क्या करायला सांगा. मैत्री त्याच्याशी असली, तरी तुम्ही राहणार त्याच्या बायको-मुलांच्या किंवा आई-वडिलांच्या घरात. त्या दिवसांत मुलांच्या परीक्षा आहेत का, कुणी आजारी आहे का, नाताळ-नववर्षाला ते स्वतः बाहेर जाणार आहेत का, हे आधी कळायला हवं. झोपायची सोय स्वतंत्र खोलीत आहे की हॉलमधल्या सोफ्यावर, हेही मोकळेपणानं विचारा. सोफ्यावर असेल तर रात्री सगळे उठून गेल्याशिवाय पाठ टेकता येत नाही. मग मुक्काम थोडा आटोपशीर ठेवलेला बरा. कुत्र्या-मांजरांची ॲलर्जी, खाण्यातलं पथ्य याच फोनवर सांगून टाका. पोहोचल्यावर सांगितलं तर घरातल्यांची धावपळ होते.

मग कागदपत्रं. हॉटेलचं बुकिंग नसल्यामुळे तुम्ही कुठे उतरणार याचा पुरावा यजमानालाच द्यावा लागतो. निमंत्रणपत्र कसं हवं हे देशागणिक बदलतं. फ्रान्समध्ये तर यजमानाला ते नगरपालिकेतून घ्यावं लागतं, म्हणून त्याला पुरेसा वेळ द्या. युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसाला किमान 30,000 युरोंचं वैद्यकीय विमा संरक्षण लागतं. व्हिसा लागत नसला तरी विमा काढाच. बर्फावरून घसरून हाड मोडलं तर तो खर्च मित्राच्या डोक्यावर पडू नये. यजमानाचं नाव, पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून पासपोर्टसोबत ठेवा. इमिग्रेशनला विचारतात, आणि थंडीत मोबाइलची बॅटरी भराभर उतरते. पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या सामानात ती चालत नाही. नेहमीची औषधं मूळ वेष्टनात, प्रिस्क्रिप्शनसह आणि मुक्कामापेक्षा थोडी जास्तच घ्या.

कपड्यांवर पैसे उधळण्याआधी मित्राला विचारा, घरात जादाचा जाड कोट किंवा बर्फात चालणारे बूट आहेत का. बहुतेकदा असतात. थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस, सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारं जाकीट, असे थर करा. घरं आतून उबदार असतात, त्यामुळे आत आल्यावर एकेक थर उतरवता यायला हवा. अंगालगत सुती नको, घामानं ओलं झालं की ते गार पडतं. बूट जाड मोज्यांसकट घालून बघा. घट्ट बुटात पाय जास्त गारठतात. टोपी, हातमोजे, ओठांना आणि हातांना लावायचं क्रीम विसरू नका, कारण हीटरची हवा फार कोरडी असते.

घरात घालायच्या सपाता आणि चारचौघांत वावरता येईल असे रात्रीचे कपडे घ्या. भेटवस्तू घरातल्या सगळ्यांना वापरता येईल अशी निवडा. युरोपीय संघात बाहेरून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत, त्यामुळे खाऊ नेणार असाल तर नियम बघून घ्या.

सगळ्यात जास्त विचार रोजच्या दिवसाचा करा. हिवाळ्यात लवकर अंधारतं, सगळे घरातच असतात आणि पाहुणाही दिवसभर समोर बसून राहिला तर प्रेमळ माणसंही थकतात. रोज काही तास स्वतःहून बाहेर पडता येईल अशी ठिकाणं आधीच शोधून ठेवा. बस-ट्रेनची माहितीही काढा, म्हणजे प्रत्येक वेळी मित्राला गाडी काढावी लागणार नाही. विमान रात्री उशिरा उतरणार असेल तर निसरड्या रस्त्यावरून त्याला बोलावू नका, पहिली रात्र विमानतळाजवळ काढा. सकाळी आंघोळीला कोण कधी जातं, गरम पाणी किती पुरतं, ओले बूट कुठे ठेवायचे, हे पहिल्याच संध्याकाळी विचारा. हीटरला न विचारता हात लावू नका, त्याचं बिल त्यांना येतं. आठवड्याचं किराणा सामान एकदा तरी तुम्ही भरा, आणि निघायच्या दिवशी चादरी काढून कुठे ठेवायच्या ते विचारून घराची किल्ली हातात परत द्या.