आठवड्याला एक वचन: डोंगरावरचं प्रवचन वागण्यात आणायचं कसं

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. येशूनं डोंगरावरचं प्रवचन संपवलं तेही पुरावरच (मत्तय ७:२४-२७). एकानं घर खडकावर बांधलं, दुसऱ्यानं वाळूवर. पाऊस, पूर, वारा दोन्ही घरांवर सारखाच आला. एक टिकलं, एक पडलं. हा दाखला वाचताना एक गोष्ट हमखास निसटते: ऐकलेलं दोघांनीही असतं. वाळूवर बांधणारा काही उपासना चुकवणारा माणूस नाही. त्यानं वचनं ऐकली, पण तसं केलं नाही, एवढाच फरक. आणि उन्हाळ्यात दोन्ही घरं सारखीच दिसतात.

म्हणून ही पद्धत थोडं वाचून तेवढं करण्याची आहे. आठवड्याला एकच वचन.

आधी वाचन

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातले ५, ६ आणि ७ हे तीन अध्याय घ्या, हे प्रवचन तिथं आहे. मिळून १११ वचनं होतात. मोठ्यानं वाचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. पहिल्या आठवड्यात एका बैठकीत सलग वाचायचं, असं तीन वेळा. मनातल्या मनात वाचू नका. हे बोललेलं प्रवचन आहे, ते कानावर पडलं की कळतं कुठं आवाज चढतो आणि कुठं तो एकाच माणसाकडं वळून बोलतो. ‘तुम्ही’ म्हणता म्हणता येशू मधेच ‘तू’वर येतो. त्या जागांवर पेन्सिलीनं रेघ मारा, करायचं काम बहुतेक तिथंच सापडतं.

भाषांतरं दोन ठेवा. एक भारतीय बायबल सोसायटीचं, जे बहुतेक मंडळ्यांत (चर्चमध्ये) वाचलं जातं. दुसरं पंडिता रमाबाईंचं. त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, साध्या बायाबापड्यांना कळावं अशा मराठीत केलेलं हे संपूर्ण भाषांतर १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालं. एका भाषांतरात शब्द अडला की दुसऱ्यात बघा.

दोन खुणा पहिल्याच आठवड्यात करून ठेवा. पाचव्या अध्यायाच्या सुरुवातीला ‘धन्य’ नऊ वेळा येतं. पुढं त्याच अध्यायात ‘तुम्ही ऐकले आहे... मी तर तुम्हांला सांगतो’ असं वळण सहा वेळा येतं: राग, परस्त्रीकडं बघणं, सूटपत्र (घटस्फोट), शपथ, बदला आणि वैरी. दर वेळी गोष्ट हातून मनात नेलेली आहे. खून टाळलास, ठीक; पण रागाचं काय?

एक शंभरपानी वही करा. डाव्या पानावर आठवड्याचं वचन स्वतःच्या हातानं लिहायचं. उजव्या पानावर रोज रात्री दोन ओळी: आज हे वचन कुठं लागू पडलं आणि मी काय केलं. दोनच. पानभर लिहिणारा तिसऱ्या आठवड्यात वही बंद करतो.

सुरुवात जिभेपासून

तालमीत पहिल्या दिवशी कुणी हजार बैठका मारत नाही. तसंच ‘वैऱ्यावर प्रीती करा’ यापासून सुरुवात करू नका. ५:३७ (पाचवा अध्याय, सदतिसावं वचन) घ्या: तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही एवढंच असावं.

आपल्याकडं हे अवघड आहे, कारण ‘बघतो’, ‘करूया की’, ‘आलोच पाच मिनिटांत’ हे शब्द आपण नकार लपवायला वापरतो. रंकाळ्यावर बसून ‘शाहूपुरीत पोचलोच’ असं फोनवर सांगणं कुणाला खोटं वाटतही नाही. आठवडाभर तीन गोष्टी करा. वेळ सांगताना खरी वेळ सांगा, आणि उशीर होणार असेल तर ठरलेल्या वेळेआधी कळवा. शब्द दिला की लगेच लिहून ठेवा. आणि ‘आईशप्पथ’, ‘देवाशप्पथ’ बंद. ५:३४ मध्ये शपथ मुळीच वाहू नका असं स्पष्ट आहे. रात्री वहीत फक्त आकडा टाका: आज किती शब्द दिले, किती पाळले.

इथं एक चूक नेहमी होते. ‘नाही तर नाही’ म्हणजे तोडून बोलणं असं माणसं समजतात. तसं नव्हे. ‘आज जमत नाही, शुक्रवारी सकाळी दहाला करून देतो’ हे सरळ ‘नाही’ आहे आणि समोरच्याला धरून ठेवायला काहीतरी देतं. मात्र शुक्रवारी दहाला करायचं.

सगळ्यात कठीण आणि सगळ्यात फळ देणारं: ५:२३-२४

तू वेदीवर अर्पण आणत आहेस, आणि तिथं तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे. अर्पण तिथंच ठेव, आधी जा, समेट कर, मग येऊन अर्पण वाहा.

दोन बाबी नीट बघा. पहिली म्हणजे अंतर. हे ऐकणारे गालीलातले, आणि वेदी यरुशलेमच्या मंदिरात, पायी तीन-चार दिवसांच्या वाटेवर. म्हणजे अर्पण सोडून घरी परत जायचं, समेट करायचा आणि पुन्हा तेवढंच चालत यायचं. दुसरी बाब म्हणजे दिशा. माझ्या मनात त्याच्याविरुद्ध काय आहे हे इथं विचारलेलंच नाही. त्याच्या मनात माझ्याविरुद्ध काय आहे? माझ्यावर कुणी अन्याय केला याची यादी सगळ्यांकडं तयार असते. ही दुसरी यादी करायला बसलं की पेन अडखळतं.

या वचनाला दोन आठवडे द्या.

वहीत एकच नाव लिहा. त्याखाली आपण काय केलं ते एका वाक्यात, ‘पण’ हा शब्द न वापरता. उदाहरण बांधाचं घेऊ, कारण करवीरपासून कागलपर्यंत सख्खे भाऊ यावरूनच बोलायचे थांबलेले असतात. ‘नांगरताना मी दादाच्या बाजूचा बांध कोरला.’ संपलं वाक्य. ‘पण त्यानं आधी पाण्याची पाळी चुकवली होती’ हे लिहायचं नाही.

मग भरपाई ठरवा. जक्कय नावाच्या जकातदारानं येशूसमोर नुसतं ‘चुकलो’ म्हटलं नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत, असा आकडा सांगितला (लूक १९:८). बांध कोरला असेल तर मोजणी करून तो पूर्ववत करून देणं ही भरपाई. पैसे अडकवले असतील तर रक्कम आणि तारीख.

मग स्वतः जा. व्हॉट्सअ‍ॅपवर नाही, मध्यस्थ घेऊन नाही, चार लोकांत नाही. धारा काढायच्या वेळेला नको, जेवणाच्या वेळेला नको. सकाळची कामं उरकल्यावर, उभ्या-उभ्या दहा मिनिटं पुरतात. ‘दादा, गेल्या उन्हाळ्यात बांध मी कोरला. चूक माझी आहे. मोजणी माझ्या खर्चानं करतो आणि बांध होता तिथं घालून देतो.’ एवढं बोलून गप्प बसा. तो बोलेल, कदाचित दहा वर्षांचं बोलेल. ऐकून घ्या. चहा आला तर प्या.

बिघडतं कुठं? एक, ‘माझं काही चुकलं असेल तर माफ कर’ या वाक्यात. ‘असेल तर’ म्हटलं की कबुली संपली. दोन, त्याच दिवशी माफी मिळालीच पाहिजे या हट्टात. आपण वर्षभर मनाची तयारी करून आलेलो असतो, त्याला ही गोष्ट आत्ता कळते. तीन, कोर्टात दावा चालू असेल तर ‘निकाल लागल्यावर बघू’ म्हणण्यात. पुढचंच वचन (५:२५) सांगतं की वाद घालणाऱ्याबरोबर वाटेत आहेस तोवरच लवकर समेट कर. काही लेखी देण्याआधी वकिलाला जरूर विचारा, पण भेटायला जायला वकील लागत नाही.

त्यानं दार लावून घेतलं तरी भरपाई द्यायचीच. ती त्याच्या माफीवर अवलंबून नाही.

उधारीची वही

येशूनं याच प्रवचनात शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ असं आहे (६:१२). मूळ ग्रीकातही शब्द ऋणाचाच आहे. रोज प्रार्थना म्हणणाऱ्या दुकानदारानं महिन्यातून एकदा ती उधारीची वही समोर ठेवून म्हणावी. जो खरंच देऊ शकत नाही अशा एकाच्या नावावरची, आपल्या घराला झेपेल एवढी रक्कम खोडा आणि त्याला एकदाच सांगा. परत परत सांगितलं की त्याचं उपकारात रूपांतर होतं. भिशीचे पैसे किंवा भागीदाराचा हिस्सा मात्र सोडायचा नाही. दुसऱ्याचं ऋण माफ करायचा अधिकार आपल्याला नाही.

दानाचं थोडक्यात सांगतो: पूरग्रस्तांना किट देताना फोटो काढायचा नाही, यूपीआयची पावती ग्रुपवर टाकायची नाही. ६:२ मध्ये दिखाऊ दान करणाऱ्यांना ‘प्रतिफळ मिळून चुकले’ असं म्हटलंय. तिथला ग्रीक शब्द त्या काळी ‘पैसे पूर्ण मिळाले’ अशा पावतीवर लिहीत. फोटोला लाईक आले की हिशेब मिटला.

कुसळ-मुसळ (७:३-५) मराठीत म्हणच होऊन बसलंय, पण म्हणीत अर्धंच येतं. आपलं मुसळ काढल्यावर भावाचं कुसळ काढायला स्पष्ट दिसेल, असं पाचवं वचन सांगतं. म्हणजे त्याचं कुसळ काढायचंच आहे, फक्त नंतर.

एक वचन जपून

‘उजव्या गालावर मारले तर दुसराही पुढे कर’ (५:३९) हे घरात मार खाणाऱ्या बाईला ऐकवलं जातं. हा वचनाचा गैरवापर आहे. समोरच्यानं उजव्या हातानं उजव्या गालावर मारायचं म्हणजे हाताच्या पाठीनं. तो अपमानाचा फटका. अपमानाचा बदला अपमानानं घेऊ नको, हा त्याचा रोख. खुद्द येशूला प्रमुख याजकासमोर चपराक बसली तेव्हा त्यानं विचारलं, ‘मी योग्य बोललो असेन तर मला का मारतोस?’ (योहान १८:२३). घरात मारहाण होत असेल तर ११२ किंवा महिलांसाठीच्या १८१ वर फोन करायचा. मंडळीच्या पाळकांनी (पास्टरांनी) अशा बाईला आधी सुरक्षित जागी न्यावं. समेटाची घाई करू नये.

चौघांनी मिळून

तीन-चार जण असतील तर रविवारी उपासनेनंतर पाऊण तास बसा. प्रत्येकानं पाच मिनिटं फक्त एवढंच सांगायचं: वचन कोणतं होतं, मी काय केलं, काय जमलं नाही. दुसऱ्याचं नाव घेऊन तक्रार नाही, उपदेश नाही, आणि तिथं ऐकलेलं बाहेर नाही. नवरा-बायको एकाच गटात असतील तर शेजारी बसू नका, एकमेकांची वाक्यं पुरी केली जातात.

ज्याचा आठवडा हुकला त्यानं पुढच्या वचनावर जायचं नाही. सोमवारी वहीच्या नव्या डाव्या पानावर तेच वचन पुन्हा लिहायचं.