‘द हसलर’मधला तो ‘लूजर’वाला डायलॉग: अर्थ लावताना या चुका टाळा

रॉबर्ट रॉसनचा 1961 चा ‘द हसलर’ हा पूलच्या पैजांवरचा पिक्चर ज्यांनी बघितलाय त्यांच्यात या एका वाक्यावरून हमखास वाद होतो. पूल हॉलमध्ये रात्रभर खेळ चाललाय, पॉल न्यूमनचा फास्ट एडी फेल्सन नावाजलेल्या मिनेसोटा फॅट्सच्या 11,000 डॉलरने पुढे आहे, पार्टनर चार्ली मागे लागलाय की बास झालं, आता निघू या, आणि एडी म्हणतो फॅट्सच्या तोंडून ‘संपलं’ येत नाही तोवर खेळ संपत नाही. फॅट्स तिथे बसून खेळ बघणाऱ्या बर्ट गॉर्डनकडे बघतो. बर्ट आवाज न चढवता सांगतो, या पोराला सोडू नकोस, हा लूजर आहे.

आता गंमत अशी की समोरचा माणूस जिंकतोय. धो धो जिंकतोय. मग त्याला लूजर म्हणायचं म्हणजे नक्की काय म्हणायचं? भविष्य, शिवी, सल्ला, की डाव? (पिक्चर बघितला नसेल तर इथेच थांबा आणि आधी बघून या, कारण पुढे सगळं फुटणार आहे.)

बर्टला निकाल आधीच कळला होता असं समजणं

ही सगळ्यात कॉमन चूक. लोक काय करतात, शेवट बघून मागे येतात. 25 तास खेळ चालतो, एडी मध्ये 18,000 डॉलरच्याही वर पुढे जातो आणि शेवटी सगळं घालवून बसतो, स्वतःच्या भांडवलातले फक्त 200 उरतात, मग लोक म्हणतात बघ, बर्ट बरोबर बोलला होता, काय नजर आहे माणसाची!

पण हे वाक्य नेमकं कधी येतं ते बघा ना. फॅट्स उठायच्या बेतात असू शकतो, चार्ली तर उठलेलाच आहे. त्या क्षणी खेळ मोडला असता तर एडी 11,000 खिशात घालून घरी गेला असता आणि सगळ्या गावात बोंब झाली असती की मिनेसोटा फॅट्सला हरवणारा पोरगा आलाय. म्हणजे तो लूजर ठरलाच नसता. तो ठरला कारण खेळ पुढे चालू राहिला, आणि खेळ पुढे चालू राहिला तो बर्टच्या या वाक्यामुळे. ज्या वाक्याने निकाल घडवला त्याच वाक्याला त्या निकालाचा पुरावा म्हणून वापरायचं, हे जरा अतीच होतं.

बर्टचं निरीक्षण चूक होतं असं मी म्हणत नाहीये हां. एडीकडे बघून त्याला काहीतरी दिसलंय हे नक्की. त्याच रात्री एडी फॅट्सला एकदा म्हणतो की तू मला हरवलंस तरी बेस्ट मीच. ऐकायला मस्त वाटतं, पोस्टरवर छापावं असं, पण जिंकत असलेला माणूस मधेच ‘हरवलंस तरी’ची भाषा का करतो? हरल्यावर सांगायचं कारण त्याने आधीच मनात तयार करून ठेवलंय. ही गोष्ट फॅट्स कधीच करत नाही.

बोलणाऱ्याच्या खिशात कोणाचे पैसे आहेत हे विसरणं

या पिक्चरमध्ये कोणतंही वाक्य कळत नसेल तर पहिला प्रश्न हाच विचारा. अख्खा धंदाच असा आहे की टेबलाभोवती जे बोललं जातं त्यातलं निम्मं बोलणं समोरच्याने पैसे लावावेत किंवा लावत राहावेत म्हणून असतं. पिक्चरच्या पहिल्याच सीनमध्ये हे शिकवून ठेवलंय. एडी आणि चार्ली सेल्समन असल्याचं सोंग घेऊन एका साध्या बारमध्ये खेळतात, एडी प्यायलेला असल्यासारखा वागतो, एक अवघड शॉट नशिबाने बसल्यासारखा मारतो, परत मारून दाखवतो म्हणतो आणि चुकतो, चार्ली वैतागून परत पैज लावायचं नाकारतो, आणि मग बारवाल्यालाच वाटतं की अरे या दारुड्याचे पैसे मीच का घेऊ नयेत. मग शॉट बरोब्बर बसतो. त्यातलं एकही वाक्य खरं नव्हतं, पण प्रत्येक वाक्य कामाचं होतं. बकरा कसा तयार होतो ते पाच मिनिटात.

हे बघितल्यानंतर तरी आपण पुढचे डायलॉग जरा सांभाळून ऐकायला हवेत, पण नाही, सूट घातलेला माणूस शांत आवाजात बोलला की आपण लगेच त्याला ज्ञानी समजतो.

फॅट्स मध्येच प्रीचर नावाच्या माणसाला जॉनीच्या बारमधून व्हिस्की, ग्लास आणि बर्फ आणायला पाठवतो. पहिल्यांदा बघताना वाटतं की ठीक आहे, रात्र मोठी आहे, माणसाला तहान लागली. एडी पण लगेच आपली बाटली मागवतो, त्याला ग्लासही नको आणि बर्फही नको. पण हे कधी घडतं? एडीने पैज गेमला 200 वरून 1,000 डॉलरवर नेल्यानंतर. आणि व्हिस्कीबरोबर कोण येतं? बर्ट. म्हणजे ऑर्डर व्हिस्कीची दिसते पण निरोप पैसेवाल्याला गेलाय की ये, इथे मामला मोठा झालाय. एडीने ती ऑर्डर दारूची म्हणूनच ऐकली आणि पैज लागल्यासारखा पीत बसला.

तर, बर्ट हा तिथे आलेला कोणी तटस्थ जाणकार नाही. फॅट्सच्या बाजूने पैशाचं गणित बघणारा माणूस आहे. त्याचा खेळाडू त्याच्याकडे बघून न बोलता विचारतोय की थांबू की खेळू, आणि तो सांगतोय खेळ. ‘सोडू नकोस’ हा त्या वाक्यातला खरा भाग आहे, ‘लूजर’ हे त्याचं कारण म्हणून जोडलंय. लोक मात्र नेमका दुसरा अर्धा भाग लक्षात ठेवतात आणि पहिला विसरतात.

वाक्य एकाच माणसासाठी आहे असं धरून चालणं

बोलतो फॅट्सला, हे तर दिसतंच. पण एडी काही कानांवर हात ठेवून बसलेला नाही, तो तिथेच टेबलापाशी आहे, आणि बर्टला कुजबुजायची गरज वाटत नाही. फॅट्सला हे वाक्य धीर देतं, एडीला डिवचतं, एकाच दगडात दोन्ही. डिवचलेला एडी काय करणार? अजून जोरात खेळणार, अजून पिणार, निघून तर अजिबात जाणार नाही. चार्लीचं ‘चल’ तिथेच मेलं.

आणि मग फॅट्सचं काय होतं ते बघा. तो वॉशरूममध्ये जातो, तोंड धुतो, हात धुतो, कोट घालतो, पावडर लावून ताजातवाना होऊन बाहेर येतो आणि म्हणतो फास्ट एडी, चल खेळू या. एडी त्याला बघून हसतो, म्हणतो काय सुंदर दिसतोयस, पावडर लावलेल्या बाळासारखा. रात्रभराच्या खेळानंतर एकजण परत पहिल्या मिनिटासारखा उभा आहे आणि दुसरा खुर्चीत हसत लोळतोय. मला विचाराल तर बर्टच्या वाक्याचा अर्थ इथे दिसतो. जॅकी ग्लीसनने हे सगळं एकही जास्तीचा शब्द न बोलता केलंय.

आपल्या पार्लरमधला एट बॉल डोक्यात ठेवून बघणं

छोटी चूक आहे पण होते. पुण्या-मुंबईच्या पार्लरमध्ये आपण बहुतेक एट बॉल खेळतो, काळा बॉल गेला की गेम खल्लास. इथे स्ट्रेट पूल चाललाय, कुठला बॉल कुठल्या पॉकेटमध्ये ते आधी सांगायचं, प्रत्येक बॉलला एक पॉइंट, आणि चांगल्या खेळाडूचा एकदा जम बसला की तो दुसऱ्याला तासभर खुर्चीतच ठेवू शकतो. या खेळात नशिबाचा एखादा फटका रात्र फिरवत नाही, दम आणि डोकं टिकवावं लागतं, त्यामुळे ‘या पोराला सोडू नकोस’ म्हणजे दमव त्याला, वेळ आपल्या बाजूने आहे, असाही सरळ अर्थ निघतो. जाता जाता, दोघांचे पैसे धरून उभा असलेला विली म्हणजे खराखुरा विली मॉस्कोनी, 1954 मध्ये सलग 526 बॉल मारणारा, आणि पिक्चरचा टेक्निकल सल्लागारही तोच.

‘दारूमुळे हरला’ म्हणून फाइल बंद करणं

एडी स्वतः हेच म्हणतो की मी प्यायलो होतो. म्हणून लोकांना वाटतं विषय संपला. पण पुढे बर्ट आणि एडी परत भेटतात तेव्हा बर्ट हे कारण जागेवरच उडवून लावतो. त्याचं म्हणणं असं की प्यायलास ना, मग हरायला याहून चांगलं कारण कुठे मिळणार, चांगलं कारण हाताशी असलं की हरायला काही जड जात नाही, जिंकणं मात्र पाठीवरचं ओझं असतं आणि तेही कारण सापडलं की टाकून देता येतं. वर स्वतःची कीव करणं हा घरात बसून खेळायचा फार लोकप्रिय खेळ आहे असंही सुनावतो. दहा वर्षांत पहिल्यांदा फॅट्स असा अडकलेला बघितला आणि तू त्याला सोडलंस, हे त्याचं खरं दुखणं, किंवा खरं कौतुक, काय म्हणाल ते.

इथे बऱ्याच जणांना वाटतं की चला, आता बर्टनेच खुलासा दिला, अर्थ मिळाला. थांबा. या भाषणाच्या शेवटी काय येतं? ऑफर. मी पैसे लावतो, जिंकलेल्यातले 75 टक्के माझे, तुझे 25. म्हणजे परत तेच, खिसा बघा. जन्मजात लूजर आहे असं ज्याच्याबद्दल मनापासून वाटतं त्याच्यावर कोणी पैसे लावेल का? लावणार नाही. पण ज्याला आपण लूजर आहोत असं पटलंय तो 25 टक्क्यांवर तयार होईल हे बर्टला पक्कं माहितीये. त्या दिवशी एडी नाही म्हणतो. मग एका ठिकाणी रागाच्या भरात स्वतःचा सगळा खेळ दाखवून बसतो, तिथली माणसं त्याचे अंगठे मोडतात, आणि हात बरे झाल्यावर तो बर्टकडे त्याच 25 टक्क्यांवर जातो.

दुसरी बाजू मांडणारेही आहेत, की बर्टला एडीमध्ये खरंच टॅलेंट दिसतं आणि त्याला कॅरेक्टर यावं म्हणून तो त्याला टोचतो, गुरूसारखा. जॉर्ज सी. स्कॉटने काम इतकं जबरदस्त केलंय की क्षणभर तसं वाटतंही. पण पुढे लुईव्हिल शहरात तो एडीच्या प्रेयसीसोबत, सारासोबत, जे वागतो ते बघितल्यावर हे गुरूबिरू प्रकरण मला तरी पचत नाही.

साराचं उत्तर न ऐकणं

वाद घालणारे लोक बर्टची सगळी वाक्यं पाठ म्हणून दाखवतात आणि या सीनपाशी गप्प असतात. दोन्ही हात प्लास्टरमध्ये असताना एडी सारासोबत पिकनिकला गेलाय आणि तिला विचारतो की मी लूजर आहे का? म्हणजे ते वाक्य त्याच्या डोक्यात किती खोल रुतलंय बघा, मोडलेल्या अंगठ्यांपेक्षा ते जास्त दुखतंय. मग तो तिला खेळताना कसं वाटतं ते सांगायला लागतो, एखादं काम नीट जमत असलं की कोणतंही काम मोठंच असतं, क्यू, म्हणजे खेळायची काठी, आपल्या हाताचाच भाग झाल्यासारखी वाटते, बॉल कुठे जाणार ते आधीच कळतं, वगैरे. पैशाचा शब्द नाही त्यात. सारा ऐकून घेते आणि म्हणते तू लूजर नाहीस, विनर आहेस, काही माणसांना कशाहीबद्दल असं कधीच वाटत नाही.

एकाच शब्दाची दोन मापं झाली ना मग. बर्टच्या मापात कोण कोणाचे पैसे घेऊन गेला ते मोजतात, साराच्या मापात माणसाला आपल्या कामाबद्दल काय वाटतं ते. फॅट्सबरोबरच्या पहिल्या सामन्यातला ‘लूजर’ हा फक्त बर्टच्या मापातला शब्द आहे, आणि पिक्चरने पुढे जाऊन त्या मापावरच प्रश्न उभा केलाय. सारा स्वतः त्यात जीव गमावते. ही पिकनिक वगळून त्या वाक्याचा अर्थ लावणं म्हणजे अर्धाच पिक्चर बघणं.

बाहेरून चाव्या आणून लावणं

यावर थोडक्यात. वॉल्टर टेव्हिसच्या 1959 च्या मूळ कादंबरीत सारा मरत नाही, त्यामुळे ‘पुस्तकात असं आहे’ म्हणून पिक्चरमधल्या बर्टचा न्याय करू नका, ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. रॉसनने 1953 मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीसमोर जुन्या सहकाऱ्यांची कम्युनिस्ट म्हणून नावं घेतली होती, म्हणून बर्ट म्हणजे ती समिती, असं वाचणारेही आहेत. वाचा, इंटरेस्टिंग आहे, पण प्रत्येक वाक्याला ती चावी लावत सुटलात तर कुलूपच तुटेल. आणि 1986 चा सीक्वल ‘द कलर ऑफ मनी’, ज्यात एडीच पोरांवर पैसे लावणारा झालाय आणि ज्यासाठी न्यूमनला ऑस्कर मिळालं, तो 25 वर्षांनंतरचा आहे, त्यावरून 1961 चं वाक्य सोडवायला जाऊ नका.

तरी अडलंच तर

शेवटच्या सामन्याचा सीन परत लावा. एडी आपले सगळे 3,000 डॉलर एकाच गेमवर लावतो आणि गेमवर गेम जिंकत जातो, आणि खेळता खेळता बर्टला ऐकवतो की तू म्हणाला होतास ते बरोबर, नुसतं टॅलेंट पुरत नाही, कॅरेक्टर लागतं, आता माझ्याकडे आहे, लुईव्हिलच्या एका हॉटेलच्या खोलीत सापडलं. ज्या खोलीत सारा मेली तीच. बर्टचाच शब्द घेऊन त्याने बर्टच्याच तोंडावर मारलाय. फॅट्स कबूल करतो की मी तुला हरवू शकत नाही. बर्ट हिस्सा मागतो, धमकी देतो, एडी बधत नाही, आणि मग बर्ट हिस्सा सोडतो पण सांगतो की यापुढे मोठ्या पूल हॉलमध्ये पाय ठेवायचा नाही.

आता ठरवा बर्ट बरोबर होता की चूक. पैशाने बघितलं तर एडी जिंकलाय, धंद्याने बघितलं तर बाहेर पडलाय, सारा तर गेलीच. निघताना एडी फॅट्सला सांगतो की तू जबरदस्त पूल खेळतोस, फॅट्स म्हणतो तूही, फास्ट एडी. यातसुद्धा काही लोक टोमणा शोधतात, हरलेल्याला जिंकलेल्याने मारलेला. पण अख्ख्या पिक्चरमध्ये ही एकच देवाणघेवाण अशी आहे जिच्यातून कोणालाही एक डॉलरचा फायदा नाही, आणि बर्ट बाजूला बसून नुसता ऐकतोय, त्यामुळे मी ती जशी बोलली तशीच घेतो.