देणगीदारांना निमंत्रणं पाठवताय? नोंदीतल्या या चुका टाळा

वर्धापनदिन आठवड्यावर आला की कार्यालयात एकच प्रश्न फिरतो: "नक्की किती जण येणार?" उत्तराचा एक तुकडा एक्सेलच्या यादीत असतो, दुसरा कार्यालयीन फोनच्या व्हॉट्सॲपवर आणि तिसरा एखाद्या विश्वस्तांच्या खिशातल्या कागदावर. सॉफ्टवेअर महागडं घेतलं म्हणून हे जुळत नाही. नोंद कुठे आणि कशी ठेवायची हे आधी चुकलेलं असतं.

मूळ चूक: देणगीदारांच्या यादीत कार्यक्रमाचा कॉलम

सुरुवात साधी असते. नाव, पत्ता, मोबाइल, पॅन या कॉलमांच्या शेजारी कोणीतरी 'वर्धापनदिन २०२२' असा कॉलम घालतं आणि त्यात 'हो' किंवा 'नाही' भरतं. पुढच्या वर्षी आणखी एक कॉलम, मग दिवाळी स्नेहमेळावा, मग इमारतीचं भूमिपूजन. तीन वर्षांत यादी उजवीकडे पंधरा कॉलम वाढते आणि 'हो' म्हणजे पत्रिका गेली की माणूस आला, हे कोणालाच सांगता येत नाही.

निमंत्रण ही देणगीदाराची माहिती नव्हे. एक देणगीदार आणि एक कार्यक्रम यांच्यात घडलेली ती गोष्ट आहे, म्हणून तिला स्वतंत्र ओळ हवी. तीन शीट करा. 'देणगीदार' शीटमध्ये प्रत्येकाला न बदलणारा क्रमांक द्या. 'कार्यक्रम' शीटमध्ये प्रत्येक कार्यक्रमाला छोटा संकेत द्या, जसं 'वर्ध-२५'. 'निमंत्रणे' शीटमध्ये मात्र देणगीदार क्रमांक आणि कार्यक्रम संकेत शेजारी शेजारी येतात. नाव इथे टाइप करायचं नाही, ते एक्सलुकअपने (क्रमांकावरून नाव शोधून आणणारं एक्सेलचं सूत्र) ओढायचं. एकाच माणसाला एकाच कार्यक्रमासाठी दोन ओळी पडल्या आहेत का, हे त्या दोन कॉलमांवर काउंटइफ्स हे मोजणीचं सूत्र लावून पाहा. उत्तर १ पेक्षा मोठं आलं की ओळ दुबार आहे.

जुनी आडवी यादी हाताने उतरवत बसू नका. एक्सेलमध्ये ती पॉवर क्वेरीत (माहितीची मांडणी बदलायचं एक्सेलमधलंच साधन) उघडा, देणगीदार क्रमांकाचा कॉलम निवडून ठेवा, नाव-पत्त्याचे कॉलम काढून टाका आणि 'अनपिव्हट अदर कॉलम्स' दाबा. आडवे कॉलम उभ्या ओळी होतात. मात्र त्या जुन्या 'हो'चा अर्थ मशीन सांगणार नाही. खात्री नसेल तिथे 'हजर' असं भरू नका, 'जुनी नोंद' एवढंच लिहा.

एकाच खान्यात चार प्रश्नांची उत्तरं

बोलावलं का? पोचलं का? काय कळवलं? आले का? हे चार वेगळे प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला तारखेसह आपला कॉलम हवा. 'स्थिती' असा एकच कॉलम ठेवला की 'पाठवलं' पुसून 'येणार' लिहिलं जातं, मग 'येणार' पुसून 'आले'. जो येतो म्हणाला आणि आला नाही, तो आणि ज्याने काही कळवलंच नाही, तो शेवटी सारखेच दिसतात. पहिल्याला दुसऱ्या दिवशी विचारपूस करणारा फोन जायला हवा, दुसऱ्याचा पत्ता तपासायला हवा.

रिकामा खाना म्हणजे 'नाही' असं कधीही धरू नका. 'येणार नाही', 'उत्तर नाही' आणि 'पोचलंच नाही' हे तीन पर्याय डेटा व्हॅलिडेशनच्या ड्रॉपडाउनमधूनच निवडता येतील असे करा. हाताने लिहू दिलं की 'येणार', 'येणार आहेत', 'हो येतील' असे प्रकार सुरू होतात आणि मोजणी कोलमडते.

तयार सॉफ्टवेअरमध्येही हीच गल्लत होते. सेल्सफोर्स या संपर्क सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅम्पेन (आपल्यासाठी एक कार्यक्रम) केलं की 'सेंट' आणि 'रिस्पॉन्डेड' या दोनच स्थिती आयत्या मिळतात, बाकीच्या आपण घालायच्या. घालताना 'येणार नाही' या स्थितीलाही रिस्पॉन्डेडची खूण करा, कारण नकार हेसुद्धा उत्तरच आहे. सिव्हीसीआरएम या संस्थांसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये उलटा धोका आहे. तिथे 'आमंत्रित' असं पार्टिसिपंट स्टेटस तयार करताना 'काउंटेड'ची (मोजणीत धरायची) खूण केलेली असली, तर नुसती बोलावलेली माणसंही जागा अडवतात. २०० आसनांच्या सभागृहासाठी २०० जणांना बोलावलं की एकानेही नाव नोंदवण्याआधीच नोंदणी 'भरली' असं दिसतं.

'सहकुटुंब' म्हणजे किती?

आपल्याकडची पत्रिका माणसाला जात नाही, घराला जाते. 'आपण सहकुटुंब यावे' लिहिलं की १२० घरं 'येतो' म्हणतात. घरटी दोन धरले तर २४० ताटं, तीन धरले तर ३६०. मधल्या १२० ताटांवरून आचाऱ्याशी आणि खजिनदारांशी वाद होतो. म्हणून 'घर क्रमांक' (पत्त्यातला नव्हे, एका घरातल्या सगळ्यांना मिळून आपण दिलेला) असा वेगळा कॉलम ठेवा, आणि निमंत्रणांच्या शीटमध्ये तीन आकडे लिहा: किती जणांना बोलावलं, किती येणार म्हणाले, किती आले. फोनवर उत्तर घेणाऱ्याला स्पष्ट सांगा, 'येतो' एवढं ऐकून फोन ठेवायचा नाही, "आपण किती जण असाल?" हे विचारायचंच.

घर क्रमांक नसला की दुसरी फजिती ठरलेली. नवरा-बायको दोघंही स्वतंत्र देणगी देतात, दोघांची नावं यादीत असतात, आणि एकाच घरी दोन पाकिटं जातात. यावर उपाय म्हणून दोघांच्या नोंदी एकत्र करून टाकणं ही त्याहून मोठी चूक. पावती ज्याच्या त्याच्या नावावर आणि पॅनवर जाते, नोंदी मिसळल्या की एकाची देणगी दुसऱ्याच्या करसवलतीत दिसायला लागते. माणसं दोन, घर एक, पाकीट एक. दोघांपैकी एकाच्याच ओळीला 'पत्रिका इथे' अशी खूण करा आणि लेबलं तेवढ्याच ओळींवरून छापा.

संबोधनही नावाच्या खान्यात घालू नका. श्री., सौ., श्रीमती, डॉ. यांचा कॉलम वेगळा ठेवा, आणि 'सौ.' की 'श्रीमती' हे तर्काने भरू नका. निधन झालेल्यांच्या नावामागे नुसतं 'कै.' जोडून ठेवलं तर पुढच्या मेल मर्जमध्ये (यादीवरून पत्रं-लेबलं आपोआप छापताना) पाकिटावर 'श्री. कै.' छापून जातं. त्या घरातल्यांना ते कसं वाटत असेल, हे वेगळं सांगायला नको. निधनाची वेगळी खूण आणि तारीख ठेवा. नोंद उडवू नका, जुन्या पावत्यांचा हिशेब तिच्याशीच जोडलेला असतो. लेबलं छापायच्या दिवशी या खुणेवर गाळणी पुन्हा लावा, कारण यादी तीन आठवड्यांपूर्वी काढलेली असते आणि मधल्या काळातली बातमी तिला ठाऊक नसते.

नाव तेच, पण शोधल्यावर सापडत नाही

'कऱ्हाडकर' आणि 'कर्‍हाडकर' डोळ्यांना एकच दिसतात. संगणकाला ती दोन नावं आहेत. एकात 'ऱ' हे नुक्त्याचं स्वतंत्र अक्षर वापरलंय, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यापाठोपाठ न दिसणारं जोडचिन्ह. कोणता कीबोर्ड वापरला यावर हे ठरतं, आणि म्हणून दुबार शोधताना अशी नावं हमखास निसटतात. हे जोडचिन्ह एक्सेलच्या युनिकॅर सूत्रात ८२०५ हा क्रमांक दिला की मिळतं, पण सबस्टिट्यूटने (एका अक्षराच्या जागी दुसरं घालणारं सूत्र) नुसतं ते उडवू नका. 'ऱ्ह'चा 'र्ह' होतो आणि नाव बिघडतं. 'र', हलन्त आणि जोडचिन्ह ही अख्खी तिकडी काढून तिच्या जागी 'ऱ' आणि हलन्त घाला.

वेबवरून चिकटवलेल्या नावांत साध्या स्पेससारखी दिसणारी, पण ट्रिमने (जादा मोकळ्या जागा काढणारं सूत्र) न जाणारी स्पेस असते. तिचा क्रमांक १६०. तीही सबस्टिट्यूटनेच काढावी लागते. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये भरलेली यादी असेल तर ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. नुसता फॉन्ट बदलून काही होत नाही, पडद्यावर रोमन अक्षरांचा काला दिसतो.

जुळवणीसाठी मोबाइल क्रमांक नावापेक्षा बरा, तरी तो निर्दोष नाही. बरीच जोडपी एकच क्रमांक देतात. '+९१', '०' आणि मोकळ्या जागा यांच्यामुळे तुलना फसते, म्हणून शेवटचे १० अंक वेगळ्या कॉलमात काढा. परदेशातल्या देणगीदारांना ही युक्ती लावू नका, त्यांचा देशसंकेत वेगळा ठेवा.

एक लक्षण लगेच ओळखा: मोबाइलच्या जागी '९.१९ई+११' दिसतंय. एक्सेलने १२ अंकी क्रमांकाला मोठी संख्या समजून आखडला आहे. या टप्प्यावर कॉलम रुंद करून संख्येचा फॉरमॅट दिला तर क्रमांक परत दिसतो. पण तसाच सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी मजकूर फाइल) म्हणून जतन केलात तर शेवटचे अंक कायमचे गेले. आयात करतानाच तो कॉलम 'टेक्स्ट' ठरवा. आणि सीएसव्ही उघडल्यावर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली, तर जतन करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा पर्याय घ्यायचा राहिला आहे. मूळ फाइल असेल तर पुन्हा काढा, प्रश्नचिन्हांतून नावं परत येत नाहीत.

'पाठवलं' म्हणजे 'पोचलं' नव्हे

व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांपुरती असते, आणि संदेश फक्त त्यांनाच जातो ज्यांनी संस्थेचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केलाय. नवे देणगीदार इथेच गळतात. पाठवल्यावर दोन दिवसांनी संदेशाची माहिती उघडून पाहा. ज्यांच्या नावापुढे पोचल्याची नोंद नाही, त्यांच्या ओळीत 'पोचलंच नाही' निवडा आणि त्यांना फोन करा. साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला ५०० जणांपर्यंतच पत्रं जातात. ८०० जणांची यादी एका फटक्यात लावली तर मधूनच थांबते, आणि कुठे थांबली हे नोंदवलेलं नसतं. दोन दिवसांत विभागा आणि प्रत्येक ओळीत तिची स्वतःची तारीख टाका.

विश्वस्तांच्या पत्रिका हा नाजूक विषय. "माझ्याकडे वीस द्या, मी वाटतो" असं म्हणून कोऱ्या पत्रिकांचा गठ्ठा जातो आणि ती वीस घरं कोणती, हे कोणालाच कळत नाही. नाही म्हणता येत नसेल तर पत्रिकांच्या मागे पेन्सिलीने क्रमांक टाका, गठ्ठा देताना क्रमांक लिहून घ्या, आणि 'निमंत्रक' असा कॉलम ठेवून त्या ओळी विश्वस्तांच्या नावावर उघडा. नावं आठवड्यानंतर फोन करून मिळवता येतात.

दाराशी आणि नंतर

हजेरीच्या वहीतल्या सह्या दुसऱ्या दिवशी वाचता येत नाहीत. आडनावाच्या क्रमाने छापलेली यादी, शेजारी घर क्रमांक आणि आलेल्यांच्या आकड्यासाठी रिकामा चौकोन, एवढं पुरतं. छापण्याआधी सगळी नावं एकाच लिपीत करून घ्या. मराठी आणि रोमन नावं मिसळलेली असली की क्रम तुटतो आणि टेबलावर रांग खोळंबते.

न बोलावता आलेल्यांची ओळ जरूर घाला, पण बोलावल्याची तारीख रिकामीच राहू द्या, नाहीतर निमंत्रितांपैकी किती आले हे प्रमाण फुगतं. त्या दिवशी मिळालेल्या देणगीच्या पावतीवर कार्यक्रमाचा संकेत लिहा. भोजनाच्या किंवा नाट्यप्रयोगाच्या पासचे पैसे देणगीच्या कॉलमात जाऊ देऊ नका.

नोंदी दोन दिवसांत भरून झाल्या तरी यादी लगेच बंद करू नका. 'पत्ता अपूर्ण' किंवा 'येथे राहत नाहीत' असे शेरे मारलेली पाकिटं पुढचे दोन-तीन आठवडे टपालाने परत येत राहतात. प्रत्येक पाकिटावरचा शेरा त्या ओळीत उतरवूनच पाकीट टाका.