धाब्याच्या घराच्या कड्यांचा बाक

चोपड्याकडच्या आमच्या गावात धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर पाडलं की पांढरी माती ट्रॉलीतून जाते आणि सातपुड्याच्या सागाच्या कड्या, म्हणजे छताच्या तुळया, सरपणाच्या भावात. मला ते बघवत नाही. आजोबांच्या घराच्या कड्या मी अडवल्या आणि त्यांचा बाक केला.

कडीची टोकं आधी तपासा. भिंतीत गेलेला भाग ओल धरतो, वाळवी तिथूनच शिरते. पेचकस टोचून बघा. रुतला तर अर्धा फूट पुढे सरकून कापा. हातोडीने ठोकल्यावर बद्द आवाज आला, तर आत पोकळ आहे.

मग खिळे. लोहचुंबक दोऱ्याला बांधून चारी अंगांनी फिरवा. डोकं तुटलेला खिळा डोळ्यांना दिसत नाही. अशाच एका खिळ्याने माझ्या करवत मशीनचं पातं तुटलं आणि तुकडा कानाजवळून गेला. तेव्हापासून डोळ्यांवर सुरक्षेचा चष्मा असल्याशिवाय मी मशीन लावत नाही.

मी कागदावर पाच फुटांचा बाक काढून ठेवला होता. आमचे मिस्तरी नाना म्हणाले, "आधी लाकूड देख, मंग माप काढ." कड्या निरोगी निघाल्या साडेतीन फूट, बाकही तेवढाच झाला.

तीन इंची कडीचे चार पाय १६ इंचांचे कापा. वरच्या ३ इंचांत इंचभर जाडीचं कुसू (खाचेत बसणारी जीभ) काढा आणि आडव्या कडीत आरपार बसवून बांबूची खुंटी ठोका. अशा दोन चौकटी, त्यांना जोडणारी एक लांब कडी. सांध्यात खिळा मारू नका. उद्या कुणाला हेच लाकूड पुन्हा लागलं, तर सांधा उकलता यायला हवा. वर जुन्या दाराच्या इंची फळ्या, म्हणजे उंची १७ इंच होते. दोन फळ्यांत नाण्याएवढी फट ठेवा. एप्रिलच्या उन्हात आकसलेली फळी जुलैत फुगते.

दाराला जुना रंग असेल तर कोरडा घासू नका. रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगाची धूळ लेकरांना घातक. तोंडाला मास्क लावून पाणी मारत वॉटर पेपरने घासा.

शेवटी जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात द्या, मध्ये नीट वाळू द्या. तेलाची चिंधी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आतून तापून आपोआप पेट घेते. अंगणात दगडावर पसरून वाळवा.