चॉकलेट घेताना या चुका टाळा: कोको कुणाच्या हातून आला ते विचारा

दिवाळीच्या ऑर्डरी सुरू झाल्या की माझ्या ओट्यावर चॉकलेटच्या स्लॅबची चळत लागते. घरी चॉकलेटं करायला लागले तेव्हा कुठला स्लॅब घ्यायचा हे मी दोनच गोष्टींवर ठरवायचे: भाव आणि चकाकी. त्यातला कोको कुणी तोडला, हा प्रश्न कित्येक वर्षं मनातच आला नाही.

जगातला निम्म्याहून जास्त कोको पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. शिकागो विद्यापीठाशी जोडलेल्या एनओआरसी या संस्थेच्या २०२० च्या अहवालानुसार २०१८-१९ च्या हंगामात तिथे कोकोच्या शेतीत सुमारे १५ लाख ६० हजार मुलं बालमजुरी करत होती. त्यातली १४ लाख ८० हजार धोक्याच्या कामाला होती.

धोक्याचं काम म्हणजे काय, ते जरा जवळून बघा. कोकोचं फळ झाडाच्या खोडालाच लगडतं आणि त्याचं कवच जाड असतं. एका हातात फळ धरायचं, दुसऱ्या हाताने कोयता मारायचा. कवच फुटलं की पांढऱ्या गरातल्या तीस-चाळीस बिया काढायच्या, केळीच्या पानांखाली पाच-सहा दिवस आंबवायच्या, मग उन्हात वाळवायच्या. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हातून कोयता जरा सटकला तर तो थेट फळ धरलेल्या बोटांवर येतो. शिवाय डोक्यावरून ओझी वाहायची आणि कीटकनाशकाची फवारणीही करायची.

चूक: ‘ही सगळी पळवून आणलेली मुलं’ असं समजणं

माली आणि बुर्किना फासोतून फसवून आणलेली मुलं आहेत, हे खरंच. पण बहुतेक मुलं आपल्याच आईबापांच्या शेतात राबतात. आपल्याला हे कळायला जड जाऊ नये. आपल्याकडे ऊसतोडीला निघालेल्या नवराबायकोला ‘एक कोयता’ म्हणतात, आणि त्या कोयत्यामागे शाळा सोडून फडावर जाणारी मुलं बीडकडच्या गावांनी पिढ्यानपिढ्या पाहिली आहेत. त्या आईबापांना मुलांची माया नसते असं कोण म्हणेल? तिकडेही तेच आहे. भाव इतका पडका की मोठा मजूर लावणं परवडत नाही, मग घरचं पोर कामाला लागतं.

म्हणून ‘चॉकलेटच बंद’ हा उपाय मला पटत नाही. माल उठला नाही तर सगळ्यात आधी मार बसतो त्याच शेतकऱ्याला. डिसेंबर २०२४ मध्ये कोकोचा जागतिक भाव टनाला १२ हजार डॉलरच्या वर गेला होता. त्या हंगामात आयव्हरी कोस्टच्या शेतकऱ्याला सरकारने ठरवून दिलेला भाव होता किलोला १,८०० सीएफए फ्रँक, म्हणजे जेमतेम ३ डॉलर. बाजारात किलोला १२ आणि बांधावर ३. मुलांच्या हातातला कोयता सुटायचा असेल तर हे अंतर कमी व्हावं लागेल.

चूक: ‘बेल्जियन’ किंवा ‘भारतात तयार’ वाचून निश्चिंत होणं

बेल्जियममध्ये कोको पिकत नाही. आपल्याकडे आंध्र, केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडूत नारळी-पोफळीच्या सावलीत पिकतो, पण मागणीला पुरत नाही. म्हणून बिया, पावडर, बटर बाहेरून येतं. पावडर मलेशियात दळलेली असली तरी मूळ बी आफ्रिकेतलं असू शकतं. कंपाउंड स्लॅब वापरणाऱ्या माझ्यासारख्यांनीही हे लक्षात ठेवावं: त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तूप असतं, पण कोको पावडर असतेच.

चूक: प्रमाणपत्राचा शिक्का दिसला की प्रश्न संपला असं मानणं

शिक्क्याशिवायच्या मालापेक्षा शिक्क्याचा माल बरा, यात शंका नाही. पण शिक्के सारखे नसतात. फेअरट्रेड या शिक्क्यात शेतकऱ्याला किमान भावाची हमी असते आणि सहकारी संस्थेला वर ठरावीक रक्कम मिळते. बेडकाचं चित्र असलेल्या रेनफॉरेस्ट अलायन्समध्ये किमान भावाची हमी नसते.

त्यातही ‘मास बॅलन्स’ नावाचा प्रकार आहे. गावातल्या डेअरीत सगळ्यांचं दूध एकाच टाकीत पडतं, तसा कारखान्यात प्रमाणित आणि साधा कोको एकत्र होतो. जेवढा प्रमाणित घेतला तेवढ्याच मालावर शिक्का मारता येतो, हिशेब कागदावर जुळतो. तुमच्या हातातल्या वडीत मात्र कुठलं बी आहे ते सांगता येत नाही. काही वेष्टनांवर बारीक अक्षरांत ‘मास बॅलन्स’ लिहिलेलं असतं, ते वाचा.

चूक: कंपन्यांच्या वचनावर विसंबणं

२००१ मध्ये अमेरिकेत हार्किन-एंगल करार झाला. कोकोतली सगळ्यात वाईट बालमजुरी २००५ पर्यंत संपवू, असं मोठ्या कंपन्यांनी मान्य केलं. मग मुदत २००८ झाली, नंतर २०१०, आणि पुढे २०२० पर्यंत ७० टक्के घट एवढ्यावरच आलं. तेही झालं नाही. मालीतल्या सहा जणांचा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. लहानपणी त्यांना कोकोच्या मळ्यांत राबवलं गेलं होतं. घडलं ते परदेशात, या मुद्द्यावर २०२१ मध्ये निकाल ८ विरुद्ध १ मतांनी कंपन्यांच्या बाजूने लागला.

मग घ्यायचं काय?

जिथे शेतकऱ्यापर्यंत माग काढता येतो ते. कर्नाटकात पुत्तूरला कॅम्पको या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचा चॉकलेट कारखाना १९८६ पासून आहे. केरळ, आंध्र, तमिळनाडूतल्या बागांतून बी घेऊन स्वतः भाजून वड्या करणारे छोटे उत्पादकही आता बरेच आहेत. महाग पडतं, हे मान्य. मी डबा लहान केला आणि भाव तोच ठेवला.

बाकीच्यांना विचारायचं. गेल्या वर्षी मी एका स्लॅबवाल्या कंपनीला तीन प्रश्न पाठवले. कोको कुठल्या देशातला? शेतकऱ्याला बाजारभावापेक्षा किती जास्त देता? शेतात मूल कामावर सापडलं तर काय करता? उत्तर आलं, ‘आम्ही सर्व नियमांचे पालन करतो.’ मी तेच तीन प्रश्न पुन्हा पाठवले आहेत, आणि तो स्लॅब वापरलेल्या डब्यावर सध्या ‘कोको कुठला ते कंपनीने सांगितलेलं नाही’ अशी चिठ्ठी लावते.